वेरूळचं कैलास लेणं : दंतकथा किती, इतिहास किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्ट्या लागल्या की वेरूळचे व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर फिरायला लागतात. मागोमाग तेच ते प्रश्न येतात: परग्रहावरून कोणी आलं होतं का, इतका दगड गेला कुठे, औरंगजेबालासुद्धा हे फोडता कसं आलं नाही? प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा सगळी उत्तरं एकाच जागी लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे. काही प्रश्न दोन ओळींत संपतात.

कैलास हे लेणं आहे की देऊळ?

दोन्ही. वेरूळच्या डोंगरकड्यात क्रमांक दिलेली ३४ लेणी आहेत. पहिली १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. कैलास हे त्यातलं १६वं. बाकीची बहुतेक लेणी कड्यात आडवी, आत शिरत जाणारी आहेत. कैलासाची रीत मात्र वेगळी. इथे डोंगर वरून खाली उतरत कापला आणि मधोमध उरलेल्या खडकातून गोपुर, नंदीमंडप, सभामंडप, गाभारा आणि शिखर असं अख्खं देऊळ घडवलं. दगडावर दगड रचलेला नाही. खोदलेली जागा साधारण ८४ मीटर लांब आणि ४७ मीटर रुंद आहे आणि मागचा कडा जवळपास ३३ मीटर उंच उभा राहतो. हे आकडे लक्षात असू द्या, पुढे हिशेबाला लागतील.

हे कुणी करवून घेतलं?

राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याने. त्याचा काळ साधारण इ.स. ७५६ ते ७७३. दंतिदुर्गाने बदामीच्या चालुक्यांना हरवून राष्ट्रकूटांची सत्ता उभी केली. त्याच्यामागे गादीवर आलेला कृष्ण हा त्याचा चुलता.

पण लेण्यात तर तसा शिलालेख नाही. मग हे ठरवलं कशावरून?

खुद्द कैलासात 'हे अमुक राजाने बांधलं' असा लेख नाही, हे बरोबर आहे आणि व्हिडिओवाल्यांचा सगळा डोलारा याच एका गोष्टीवर उभा असतो. पुरावा थोडा बाजूला, पण चांगला भक्कम आहे.

गुजरातच्या राष्ट्रकूट शाखेतल्या कर्कराजाचा एक ताम्रपट बडोद्याला मिळाला. साल शके ७३४, म्हणजे इ.स. ८१२-१३. कृष्णराजाला जाऊन तेव्हा चाळीसच वर्षं झाली होती. त्या ताम्रपटात म्हटलं आहे की कृष्णराजाने एलापुराला शंकराचं असं मंदिर करवलं की आकाशातून जाणारे देवही ते पाहून थबकले आणि हे माणसाच्या हातचं नसून आपोआप प्रकटलं असावं असं त्यांना वाटलं. पुढे तर बहार आहे. ज्या स्थपतीने ते घडवलं तो स्वतःच चकित होतो, कारण तसं दुसरं काही त्याला पुन्हा जमत नाही आणि 'हे मी केलं तरी कसं' असा प्रश्न त्याला पडतो. एलापूर म्हणजे वेरूळ आणि हे मंदिर म्हणजे कैलास, ही सांगड डॉ. रा. गो. भांडारकरांनी एकोणिसाव्या शतकातच घातली.

शेजारच्या १५ क्रमांकाच्या दशावतार लेण्यात दंतिदुर्गाचा लेख आहे. म्हणजे हे घराणं त्याच काळात याच कड्याशी जोडलेलं होतं. तिसरा पुरावा शैलीचा. कर्नाटकातल्या पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर पाहून कैलासापुढे उभं राहिलं की नातं आपोआप लक्षात येतं. विरूपाक्ष हे चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य याच्या राणीने, लोकमहादेवीने, इ.स. ७४०च्या सुमारास बांधवून घेतलं आणि त्यामागे कांचीच्या कैलासनाथ मंदिराचा आदर्श होता. कांची, पट्टदकल, वेरूळ अशी ही वाट आहे. चालुक्यांचं राज्य राष्ट्रकूटांकडे आलं तसे कारागीरही आले असावेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

कार्बन डेटिंग केलं तर ५ हजार (किंवा ३० हजार) वर्षं निघतील असं म्हणतात.

कार्बन डेटिंग दगडाचं होत नाही. ते लाकूड, कोळसा, हाड, धान्य अशा कधीकाळी जिवंत असलेल्या वस्तूंचं होतं. खडकाचं वय काढायच्या वेगळ्या पद्धती आहेत आणि त्याने दख्खनच्या या काळ्या पाषाणाचं वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं येतं. ते झालं लाव्हारसाचं वय. त्यावरून मूर्ती कधी कोरल्या हे कळत नाही. 'कार्बन डेटिंगने सिद्ध झालं आहे' हे वाक्य ऐकू आलं की व्हिडिओ तिथेच थांबवायला हरकत नाही.

कैलास १८ वर्षांत पूर्ण झालं, हे खरं का?

ही १८ वर्षं कुठल्याही लेखात दिलेली नाहीत. कृष्ण पहिला याने जितकी वर्षं राज्य केलं, तितकीच ती भरतात. म्हणजे कोणीतरी राज्यकाळाचा आकडा उचलून बांधकामाला चिकटवला.

कामाला नेमका किती वेळ लागला यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. जर्मन कलेतिहासकार हर्मन गोएत्झ यांचं म्हणणं होतं की काम दंतिदुर्गाच्या वेळी सुरू होऊन नंतरच्या राजांपर्यंत टप्प्याटप्प्याने चाललं. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी मुख्य देवळाचं श्रेय प्रामुख्याने कृष्णराजाच्याच काळाला दिलं. भोवतीच्या ओवऱ्या आणि लंकेश्वर (बाजूच्या कड्यात खोदलेलं देऊळ) यांसारखे भाग मागाहून खोदले गेले, हे मात्र बहुतेकांना मान्य आहे. मला ढवळीकरांची बाजू अधिक पटते. मुख्य देवळाचा आराखडा इतका एकसलग आहे की त्यात चार पिढ्यांची ओढाताण दिसत नाही.

४ लाख टन दगड, १८ वर्षं, म्हणजे दर तासाला ५ टन! हे माणसांना शक्य आहे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून हिशेब इथेच मांडू.

आधी ते ४ लाख टन. खड्डा ८४ गुणिले ४७ मीटर. तो सगळीकडे ३३ मीटर खोल आहे असं धरलं तर सुमारे १ लाख ३० हजार घनमीटर होतात. काळा पाषाण घनमीटरला साधारण २.८ टन भरतो. गुणाकार करा: ३ लाख ६५ हजार टन. म्हणजे अख्खा खड्डा चौकोनी डब्यासारखा पूर्ण खोलीचा असता आणि आत देऊळच नसतं, तरी ४ लाख होत नाहीत. प्रत्यक्षात डोंगर उतरता आहे, ३३ मीटर ही फक्त मागच्या बाजूची उंची आणि मधला प्रचंड दगड तर देऊळ म्हणून तिथेच उभा आहे. बाजूच्या ओवऱ्या त्यात मिळवल्या तरी २ लाख टनांच्या आसपासचा अंदाज जास्त बरोबर वाटतो.

आता वेग. वादापुरती १८ वर्षं मान्य करू आणि वर्षाचे ३०० दिवस काम धरू. २ लाख टन भागिले ५४०० दिवस, म्हणजे दिवसाला ३७ टन. कामाला ३०० माणसं असली तर माणशी दिवसाला सव्वाशे किलोच्या आत. आकारमानात पाहिलं तर दीड घनफूट. पहार आणि घण चालवणाऱ्या माणसासाठी हे काम कष्टाचं आहे, चमत्काराचं नाही. ज्या राज्याच्या फौजा कांचीपासून माळव्यापर्यंत फिरत होत्या, त्याला ३०० काय, हजार माणसं कामाला लावणंही जड नव्हतं.

'दर तासाला ५ टन' हे वाक्य दणकून लागतं, कारण त्यात माणसांची संख्या सांगितलेलीच नसते.

बरं, मग एवढा दगड गेला कुठे? आसपास ढिगारे का नाहीत?

२ लाख टन म्हणजे साधारण ७० हजार घनमीटर अखंड खडक. फोडल्यावर तो फुगतो, दीडपट धरा: १ लाख घनमीटरच्या थोडं वर. लेण्यांसमोर उतार आहे आणि खाली मोकळं मैदान. ३०० मीटर लांब, २०० मीटर रुंद पट्ट्यात हा सगळा चुरा पसरला तर दोन मीटरचाही थर होत नाही. शिवाय फोडलेला दगड कोणी नुसता टाकून देत नाही. घरांच्या जोत्यांना, बांधांना, विहिरींना, रस्त्यांना तो लागतोच आणि मधे साडेबाराशे वर्षं गेली आहेत. ज्या गावात पडक्या वाड्याचे चिरे दोन पावसाळे जागेवर टिकत नाहीत, तिथे हा प्रश्न पडावा याचीच गंमत वाटते.

वरून खाली कोरलं हे नक्की का? आणि कसं?

नक्की. आधी डोंगरमाथ्यावरून तीन बाजूंना खोल चर मारले आणि मधे एक भला मोठा ठोकळा सुटा केला. मग शिखरापासून सुरुवात करून खाली उतरत गेले. या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे परांची बांधावी लागत नाही. कारागीर ज्या दगडावर उभा आहे तोच उद्या खोदायचा असतो. वरचं नक्षीकाम होईपर्यंत खालचा खडक पायाखाली असतोच. तोटा एवढाच की चूक झाली तर दगड बदलता येत नाही, म्हणून आराखडा आधीपासून पक्का लागतो.

हत्यारं लोखंडी: पहार, घण, हातोडा, छिन्नी. कड्यांवर छिन्नीचे तिरपे, समांतर घाव आजही दिसतात. ते पाहायचे असतील तर मूर्तींकडे पाठ करून मागच्या कड्याकडे बघा. लाव्हाच्या खडकात मुळातच आडव्याउभ्या भेगा असतात आणि जाणता पाथरवट त्या हेरून दगड सोडवतो. त्या तीनशे माणसांत लोहारही धरायला हवेत, कारण काळ्या पाषाणावर छिन्नीची धार दिवसभर टिकत नाही.

पद्धत समजून घ्यायला अर्धवट राहिलेली कामं उपयोगी पडतात. वेरूळलाच ३० क्रमांकाचं जैन लेणं आहे, लोक त्याला 'छोटा कैलास' म्हणतात. ते याच रीतीने सुरू केलं आणि अपुरं राहिलं. अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं लेणंही अर्धवट आहे. तिथे कड्यात आडवं शिरताना खडकात चर मारत पुढे कसे जात, ते उघड्यावर दिसतं. परग्रहवासीयांच्या यंत्राने काम केलं असतं तर ते असं मधेच पैसे संपल्यासारखं थांबलं नसतं.

राणीने उपास धरला आणि एका आठवड्यात शिखर तयार झालं, ही गोष्ट काय आहे?

ही आपली जुनी मराठी दंतकथा. कृष्ण याज्ञवल्कींच्या 'कथाकल्पतरू' ग्रंथात ती येते. अलजपूरच्या (म्हणजे अचलपूरच्या) राजाला पूर्वजन्मीच्या पापामुळे असाध्य व्याधी जडलेली असते. शिकारीच्या निमित्ताने तो वेरूळजवळच्या म्हैसमाळच्या बाजूला येतो, तिथल्या तळ्यात स्नान करतो आणि बरा होतो. राणी माणिकावतीने नवस केलेला असतो की राजा बरा झाला तर शंकराचं देऊळ बांधीन आणि त्याचं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. आता आली पंचाईत! देऊळ बांधायला वर्षानुवर्षं लागणार, शिखर तर सगळ्यांत शेवटी आणि तोवर राणी उपाशी. कारागीर हात टेकतात. शेवटी पैठणचा कोकस नावाचा स्थपती पुढे येतो. आठवड्यात शिखर दाखवतो म्हणतो आणि डोंगराच्या माथ्यापासून कोरायला घेतो. शिखर आधी, देऊळ नंतर. राणीचा उपास सुटतो. देवळाला नाव पडतं माणिकेश्वर.

इतिहास म्हणून ही गोष्ट उभी राहत नाही. राजाचं नाव जुळत नाही, काळ जुळत नाही आणि आठवड्यात तसं शिखर होत नाही. पण कोकस हे नाव अगदीच हवेतलं नाही. मध्य भारतातल्या अकराव्या ते तेराव्या शतकांमधल्या काही शिलालेखांत कारागीर आपण कोकसाच्या कुळातले असल्याचं अभिमानाने सांगतात.

मला या कथेचं अप्रूप वेगळ्याच कारणासाठी वाटतं. हे काम शिखरापासून सुरू झालं, ही त्यातली सर्वांत अवघड आणि सर्वांत खरी गोष्ट कथा सांगणाऱ्याला ठाऊक होती. तिचं कोडं त्याने माणसाच्या अकलेने सोडवलं. पैठणच्या एका कारागिराला जे सुचलं ते इतरांना सुचलं नाही, बस्स. आजचा व्हिडिओ तेच कोडं घेतो आणि उत्तर आकाशात शोधतो.

म्हणजे परग्रहवासी वगैरे काही नाही?

नाही. आणि ही शंकाही नवी नाही. औरंगजेबाच्या काळातला इतिहासकार साकी मुस्तैद खान याने 'मासिर-ए-आलमगिरी'मध्ये वेरूळचं वर्णन केलं आहे. त्याच्या कानावरही आलं होतं की हे जिनांनी, म्हणजे भुताखेतांनी केलेलं काम आहे. मूर्तिपूजकांबद्दल त्याला काडीचं प्रेम नव्हतं, शब्द कडवटच वापरले आहेत. तरी त्याने स्पष्ट लिहिलं की हे जिनांचं काम नव्हे, इथे पूर्वी राज्य करणाऱ्या लोकांनीच ते केलं. तीनशे वर्षांपूर्वीच्या मोगल दरबारी लेखकाला जे मान्य करता आलं, ते आपल्याला जड जाऊ नये.

औरंगजेबाने हजार माणसं लावून तीन वर्षं कैलास फोडायचा प्रयत्न केला होता ना?

ही गोष्ट फार पसरली आहे, पण तिला समकालीन आधार नाही. उलट वर सांगितलेल्या त्याच ग्रंथात वेरूळची जागा ओसाड पडली आहे, पावसाळ्यात डोंगर बागेसारखा हिरवागार होतो, मोठा धबधबा कोसळतो, लोक पाहायला येतात आणि प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय वर्णनाने कळणार नाही, असं लिहिलं आहे. औरंगजेबाची कबर वेरूळपासून जवळच खुलताबादला आहे. हा सगळा टापू त्याच्या ओळखीचा होता.

मूर्तींची नाकं, हात, हत्तींच्या सोंडा तुटलेल्या आहेत, हे डोळ्यांना दिसतं. त्यात मुद्दाम केलेली मोडतोडही आहे आणि काळाने झालेली झीजही. पण 'हजार माणसं, तीन वर्षं' हा आकडा कोणत्याही जुन्या कागदातून येत नाही. औरंगजेबाने देवळं पाडली याचे वेगळे, लेखी पुरावे आहेत. त्यासाठी कैलासाची गोष्ट रचायची गरज नाही.

वरून पाहिलं की छतावर मोठा 'एक्स' दिसतो. तो विमानांसाठी खूण होता का?

सभामंडपाच्या छतावर मोठं कमळ आणि चार सिंह कोरलेले आहेत. चार सिंह चार कोनांकडे तोंड करून उभे आहेत, म्हणून ड्रोनच्या फोटोत फुलीसारखा आकार दिसतो. तेव्हाही तो पाहायला आकाशात जावं लागत नव्हतं, डोंगरमाथ्यावर चढलं तरी पुरत होतं. कोरणारे तर तिथूनच खाली उतरले.

लेण्याखाली भुयारं आणि शहर आहे का?

जमिनीलगतची जी अरुंद भोकं दाखवतात ती पाणी जाण्याच्या वाटा आहेत. तीन बाजूंना उभे कडे, मधे खोल अंगण आणि मराठवाड्याचा पाऊस. पाण्याला वाट ठेवली नसती तर दर श्रावणात शंकर गुडघाभर पाण्यात उभा राहिला असता. 'त्या भोकातून लहान मूलच जाऊ शकतं, म्हणजे आत बुटके लोक राहत होते' हा तर्क ज्याने लढवला, त्याने घराची मोरी कधी पाहिली नसावी.

कैलासाला 'रंगमहाल' का म्हणत?

कारण ते रंगवलेलं होतं. कोरलेल्या दगडावर चुन्याचा पातळ गिलावा देऊन त्यावर रंगकाम केलं होतं. सभामंडपाच्या दर्शनी भागाच्या छताला चित्रांचे अवशेष अजून आहेत, बाहेरही कुठे कुठे गिलावा चिकटून राहिला आहे. आज आपण जे काळंभोर, गंभीर रूप पाहतो ते मूळचं नाही. पांढऱ्या गिलाव्यातलं शिखर खऱ्या हिमालयातल्या कैलासासारखं दिसावं अशी कल्पना असणार.

जगात असं दुसरं काही नाही, हे खरं का?

एवढ्या आकाराचं आणि इतक्या नक्षीकामाचं नाही. पण ही पद्धत इतरत्रही आहे. महाबलिपुरमचे रथ अखंड खडकातून घडवले. तामिळनाडूतच कळुगुमलैचं वेट्टुवान कोविल हे पांड्य राजांच्या काळचं, याच रीतीने वरून कोरलेलं आणि खालून अपुरं राहिलेलं देऊळ आहे. मध्य प्रदेशात मंदसौरजवळ धमनारचं धर्मराजेश्वर आहे. इथिओपियात लालिबेलाची चर्च तर जमिनीत खोल खोदून घडवलेली आहेत. कैलास या सगळ्यांत थोरलं.

कैलास म्हणजेच बारा ज्योतिर्लिंगांतलं घृष्णेश्वर का?

नाही. घृष्णेश्वर हे गावातलं, दगडावर दगड रचून बांधलेलं वेगळं देऊळ आहे. आजची वास्तू अठराव्या शतकातली, होळकरांनी जीर्णोद्धार केलेली. कैलासाच्या गाभाऱ्यातही शिवलिंग आहे, पण कैलास हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडचं संरक्षित स्मारक आहे. १९८३ साली वेरूळ जागतिक वारशाच्या यादीत आलं.

जायचं तर काय चुकवू नये?

दक्षिण बाजूचा रावणानुग्रह. रावण कैलास पर्वत हलवतो आहे, वर पार्वती घाबरून शंकराला बिलगली आहे, एक दासी पळत सुटली आहे आणि शंकर पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबून निवांत बसला आहे. कैलास नावाच्या देवळात कैलास हलवण्याचाच प्रसंग इतका खोल कोरावा, ही शिल्पकाराची हुशारी. त्याच बाजूच्या भिंतीवर रामायणाचे पट्टे आहेत, उत्तरेला महाभारताचे. जोत्याला खांदा देऊन उभे असलेले हत्ती एकेक करून बघा. प्रत्येकाची धडपड वेगळी आहे. अंगणाच्या उत्तरेकडचं गंगा-यमुना-सरस्वतीचं छोटं दालन घाईत राहून जातं.

देऊळ पश्चिममुखी आहे, त्यामुळे दर्शनी भागावर चांगला उजेड दुपारनंतर येतो. छत्रपती संभाजीनगरहून अंतर साधारण ३० किलोमीटर. वेरूळ मंगळवारी बंद असतं (अजिंठा सोमवारी, उलटसुलट करू नका). वेळ उरला तर जैन लेण्यांकडे जाऊन छोटा कैलास पाहून या. तिथे गर्दी नसते आणि काम कुठपर्यंत आलं होतं ते छिन्नीच्या घावांसकट जवळून बघता येतं.